बाग विकून इम्यून सेल थेरपी घ्यावी का?

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊ ३१ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी मांडीत गाठ आली, ऑपरेशन झालं, नंतर लाइट (रेडिएशन) दिली. रिपोर्टात नाव आलं सायनोव्हियल सार्कोमा, म्हणजे मऊ पेशींचा एक दुर्मिळ कॅन्सर. आता छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांत चार बारीक गाठी दिसल्यात. एका खासगी केंद्रात सांगितलं की केमोनं शरीर पोखरून निघतं, त्यापेक्षा 'इम्यून सेल थेरपी' घ्या. स्वतःच्याच रक्तातल्या पेशी वाढवून परत देतात, साइड इफेक्ट काहीच नाही. सहा डोस, एकेका डोसाचे अडीच लाख. घरात अर्धा एकर द्राक्षबाग विकायला काढायचं चाललंय. आणि ताईंनी बातम्यांत वाचलंय की मुंबईत 'कार-टी' नावाची पेशींची ट्रीटमेंट आता भारतीय बनावटीची मिळते. हे तेच आहे का, असं त्या विचारतात.

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. हे ते नाही. बागेचा व्यवहार थांबवा. आणि भावाला हातात असलेली खरी ट्रीटमेंट सोडू देऊ नका. चार बारीक गाठींवर आज जे करता येतं, ते तीन महिन्यांनी करता येईलच असं नाही.

मी बावीस वर्षं कॅन्सरच्या रुग्णांना औषधं देतोय. सुरुवातीची काही वर्षं मुंबईत गेली, आता नाशकात आहे. 'इम्यून सेल थेरपी' हे शब्द गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत फार ऐकू येतात, आणि माझी पहिली अडचण या नावाशीच आहे. हे एका औषधाचं नाव नाही. 'फवारणी केली' म्हटल्यावर तुम्ही लगेच विचाराल, कशाची? द्राक्षावरच्या डाऊनी रोगावरची की भुरीवरची? इथेही तोच प्रश्न विचारायचा. कोणती पेशी, तिला काय शिकवलंय, आणि ती ज्याला ओळखणार ते भावाच्या गाठीवर आहे का?

आधी तुम्ही वाचलेल्या कार-टीबद्दल सांगतो. आपल्या रक्तात टी-पेशी असतात. विषाणू शिरलेली पेशी ओळखून मारणं हे त्यांचं काम. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच शरीरातली असल्यानं त्यांना बहुतेक वेळा ती परकी वाटत नाही. म्हणून रुग्णाच्या रक्तातून या पेशी मशिनवर वेगळ्या करतात, प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, आणि त्या पेशीच्या अंगावर एक नवा पकडहात उगवतो. तो पकडहात एकच खूण ओळखतो. सध्याच्या बहुतेक कार-टीमध्ये ती खूण आहे सीडी१९, म्हणजे बी-पेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. म्हणून ही ट्रीटमेंट बी-पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमियात आणि लिम्फोमात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरांत, चालते.

आपल्याकडची पहिली, नेक्सकार१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आली. २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात पहिल्या रुग्णाला दिली गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण झालं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात जवळपास ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला होता, आणि हे सगळे आधीच्या औषधांना न जुमानलेल्या आजाराचे रुग्ण. अमेरिकेत जी ट्रीटमेंट कोटींच्या घरात जाते, ती इथं काही लाखांत आली. मला याचा मनापासून अभिमान आहे. पण तुमच्या भावाच्या गाठीवर सीडी१९ नाहीच. त्या पेशी कितीही चांगल्या असल्या तरी तिथं त्यांना धरायला काही सापडणार नाही.

मग सार्कोमासाठी काहीच नाही का? आहे, आणि नेमकं याच आजारासाठी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएनं, 'अफामी-सेल' नावाच्या ट्रीटमेंटला सायनोव्हियल सार्कोमासाठी परवानगी दिली. घट्ट गाठीच्या (म्हणजे रक्ताच्या नव्हे अशा) कॅन्सरसाठी जनुकबदल केलेल्या टी-पेशींना मिळालेली ती पहिली परवानगी. यात टी-पेशींना मागे-ए४ नावाचं प्रथिन ओळखायला शिकवतात. ते सायनोव्हियल सार्कोमाच्या पुष्कळ गाठींमध्ये असतं, पण सगळ्यांत नाही. हे प्रथिन पेशीच्या आत असतं. त्याचा तुकडा बाहेर आणून दाखवण्याचं काम एचएलए नावाचे रेणू करतात, आणि ते माणसामाणसांत वेगळे असतात. म्हणून रुग्णाचा एचएलए-ए०२ चा ठरावीक उपप्रकारच लागतो. ०२:०१, ०२:०२, ०२:०३ आणि ०२:०६ चालतात. आपल्याकडे आढळणारा ०२:११ त्या यादीत नाही. दोन्ही तपासण्या जुळल्या तरच पुढचं बोलायचं.

ज्या अभ्यासावर ही परवानगी मिळाली त्यात ४४ रुग्ण होते. सुमारे ४३ टक्के जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, आणि त्यांच्यातल्या साधारण निम्म्या जणांत तो परिणाम सहा महिने किंवा जास्त टिकला. काही जणांना वर्षाहून जास्त उपयोग झाला. अमेरिकेतली किंमत ७ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे सहा कोटींच्या वर. आणि हे औषध केमो देऊन झालेल्यांसाठी आहे, केमोच्या ऐवजी नाही. हे आकडे मी मुद्दाम पूर्ण देतोय. जगातली या आजारासाठीची सगळ्यात पुढची पेशी-ट्रीटमेंट एवढं देते. तेव्हा नुसत्या 'वाढवलेल्या' पेशी सहा डोसांत बरं करतील असं कुणी सांगितलं, तर कशाच्या आधारावर, हे विचारायलाच हवं.

आता तुम्हाला जे विकायला काढलंय त्याकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या पत्रकावर 'एनके', 'डेंड्रिटिक' आणि 'सीआयके' अशी पेशींच्या प्रकारांची नावं आहेत. सीआयके म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून, औषधांनी चाळवून, संख्येनं वाढवून परत द्यायच्या. त्यांना भावाच्या गाठीची खास खूण शिकवलेली नसते. संख्या वाढली म्हणजे ओळख वाढली असं होत नाही. या पेशींवर संशोधन प्रामाणिकपणे चाललंय, काही आजारांत पुढे त्यातून चांगलं काही निघेलही. पण सायनोव्हियल सार्कोमात त्यांनी आयुष्य वाढतं असं कुठल्याही नीट केलेल्या चाचणीनं दाखवलेलं नाही.

एक घटना सांगतो, कारण ती तुमच्या घरासारख्याच घरात घडली. चीनमध्ये शीआन शहरात शिकणारा २१ वर्षांचा एक मुलगा. आजार हाच, सायनोव्हियल सार्कोमा. आईवडिलांनी इंटरनेटवर शोधलं, वरच एका बड्या रुग्णालयाची जाहिरात आली: डेंड्रिटिक आणि सीआयके पेशींची ट्रीटमेंट. नातेवाइकांकडून, मित्रांकडून उसनं करून दोन लाख युआनहून जास्त पैसे भरले. गाठी फुप्फुसात गेल्या. नंतर त्याला कळलं की बाहेरच्या देशांत ही पद्धत पुरेसा उपयोग दिसला नाही म्हणून मागे पडलेली आहे. त्यानं हे सगळं स्वतः लिहून ठेवलं, आणि एप्रिल २०१६ मध्ये तो गेला. चीनमध्ये केवढा संताप उसळला. पुढच्याच महिन्यात तिथल्या सरकारनं पैसे घेऊन अशा पेशी देणं थांबवलं आणि ते संशोधनापुरतं ठेवायला लावलं. त्याच आजाराच्या मुलाला तीच पेशी, दहा वर्षांनंतर, आपल्या जिल्ह्यात अडीच लाखाला एक डोस या भावानं सुचवली जाते, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही.

'साइड इफेक्ट काहीच नाही' या वाक्याबद्दलही बोलतो. शिकवलेली टी-पेशी हे जिवंत औषध आहे. ती काम करते तेव्हा शरीराला कळतं. सिन्नरकडचे एक निवृत्त शिक्षक, लिम्फोमाचे रुग्ण, मुंबईला कार-टी घेत होते तेव्हा मी त्यांना भेटायला जात असे. आधी तीन दिवस केमो, जुन्या पेशी कमी करून नव्यांना जागा व्हावी म्हणून. मग तो दिवस. गोठवलेली छोटी पिशवी कोमट पाण्यात वितळवली, सलाइनसारखी लावली, अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपलं. खोलीभर लसणासारखा वास. तो गोठवताना वापरलेल्या रसायनाचा असतो. गुरुजी म्हणाले, "एवढंच?"

तिसऱ्या दिवशी ताप १०३ वर गेला, रक्तदाब उतरला. टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन द्यावं लागलं. (या इंजेक्शनचीही एक कथा आहे. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला कार-टी दिल्यावर ती व्हेंटिलेटरवर गेली. तिच्या रक्तात एक रसायन अतोनात वाढलं होतं आणि त्याला अडवणारं औषध संधिवातासाठी वापरात होतं. ते संशोधक डॉ. कार्ल जून यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. एमिली वाचली.) गुरुजींना रोज एका वहीत एकच वाक्य लिहायला लावायचे. मेंदूवर परिणाम होतोय का ते अक्षरावरून आधी कळतं. त्यांचं वाक्य होतं, 'माझं गाव सिन्नर आहे.' पहिले तीन दिवस अक्षर मोत्यासारखं, वर सरळ शिरोरेषा. चौथ्या दिवशी शिरोरेषाच नव्हती. 'माझं गाव' पर्यंत अक्षरं उतरणीला लागली आणि 'सि' वर पेन थांबलं. आयुष्यभर मुलांना शिरोरेषा द्यायला शिकवलेला माणूस. नर्सनं वही पाहिली आणि धावत डॉक्टरांना बोलावलं. स्टिरॉइड सुरू झालं. दोन दिवसांनी रेषा परत आली, थोडी थरथरती. आज ते बरे आहेत.

तो वॉर्ड, ती नर्स, खालच्या मजल्यावरचं आयसीयू, हे सगळं त्या ट्रीटमेंटचा भाग असतं. सोफ्यावर बसून दोन तासांत पेशी घेऊन घरी जा आणि काहीच होणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर माझा अर्थ सरळ आहे: त्या पेशी बहुधा काहीच करत नाहीत.

घट्ट गाठींमध्ये हे काम इतकं अवघड का, तेही समजून घ्या, म्हणजे 'डॉक्टर लोक मुद्दाम देत नाहीत' असं वाटणार नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये सीडी१९ वर हल्ला केला की चांगल्या बी-पेशीही मरतात, पण त्यांच्याशिवाय माणूस जगतो. गरज पडली तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, देता येतात. गाठींच्या कॅन्सरवर ज्या खुणा असतात त्या बहुधा फुप्फुस, आतडं, हृदय यांवरही थोड्याफार असतात. २०१३ मध्ये एका प्रयोगाचा अहवाल आला. त्यात मागे-ए३ ओळखणाऱ्या टी-पेशी दोन रुग्णांना दिल्या होत्या. दोघेही काही दिवसांत हृदय निकामी होऊन गेले, आणि त्यांच्या हृदयात मागे-ए३ नव्हतंच. शोध घेतल्यावर कळलं की त्या पेशी हृदयाच्या स्नायूतल्या टिटिन या दुसऱ्याच प्रथिनाला चुकून धरत होत्या. आधी प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशींवर तपासलं होतं, तेव्हा काही दिसलं नव्हतं. धडधडणाऱ्या हृदयपेशी वाढवून त्यांच्यावर सोडल्या तेव्हा दिसलं. इतक्या काळजीनं काम करणाऱ्यांच्या हातून हे झालं. म्हणून परवानगीला वेळ लागतो, म्हणून इतके कागद लागतात.

आणि तरीही मी या क्षेत्राबद्दल निराश नाही. रोमच्या बालरुग्णालयात न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरच्या २७ रुग्णांना जीडी२ ही खूण ओळखणाऱ्या कार-टी पेशी दिल्या. २०२३ मध्ये निकाल आला, ६३ टक्के मुलांना प्रतिसाद होता, नऊ मुलांमध्ये आजार पूर्ण नाहीसा झाला. गाठीतूनच टी-पेशी काढून वाढवायची टिल नावाची पद्धत डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी ऐंशीच्या दशकात सुरू केली. तिला मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. दुर्मिळ कॅन्सरच्या रुग्णांना या संशोधनातून खरंच काही मिळणार आहे. ते नीट चाचणीतून मिळेल.

चाचणी आणि विक्री यांतला फरक ओळखायचा कसा? तुम्ही द्राक्ष एक्स्पोर्ट करता, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. प्लॉटची नोंदणी नसेल, फवारणीच्या रेसिड्यूचा रिपोर्ट नसेल, तर युरोपची गाडी भरली जात नाही. पेटी कुठल्या प्लॉटची हे शेवटपर्यंत कळलं पाहिजे. पेशींचंही तसंच. पिशवीवर रुग्णाची ओळख असते आणि हातातून हातात जाताना प्रत्येक वेळी ती ताडून पाहतात. २०१९ च्या नियमांप्रमाणे असं पेशींपासून किंवा जनुकबदलातून तयार केलेलं औषध 'नवीन औषध' असतं. केंद्रीय औषध नियंत्रकांची, म्हणजे सीडीएससीओची, परवानगी नसताना ते विकता येत नाही. तर त्या केंद्राला लेखी विचारा: या उत्पादनाला, या आजारासाठी, परवानगी आहे का? नसेल आणि ते 'ट्रायल' म्हणत असतील, तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. तो कुणालाही इंटरनेटवर उघडून पाहता येतो. खऱ्या चाचणीत त्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते. 'ट्रायल आहे' आणि 'अडीच लाख भरा' ही दोन वाक्यं एका तोंडातून आली की उठून यायचं. प्रयोगशाळेचा 'जीएमपी' लिहिलेला कागद भिंतीवर लावलेला असतो, तोही दाखवतील. तो स्वच्छतेचा आणि पद्धतीचा कागद आहे, उपयोगाचा नाही.

आता भावाचं काय करायचं? दुर्मिळ कॅन्सरमध्ये सगळ्यात मोठा फायदा अनेकदा नव्या औषधानं होत नाही, नाव बरोबर असण्यानं होतो. सार्कोमाचे पन्नासहून जास्त प्रकार आहेत. सायनोव्हियलमध्ये एसएस१८ नावाच्या जनुकाची मोडतोड असते, ती तपासून निदान पक्कं करतात. तुमच्या फाइलमध्ये ती तपासणी मला दिसली नाही. नाव बदललं तर औषध बदलतं. ॲल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा हा असाच तरुणांच्या मांडीत होणारा, फुप्फुसात जाणारा दुर्मिळ प्रकार आहे. त्यात ॲटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं साधं सलाइन जवळपास चौघांत एकाला उपयोगी पडतं, आणि डिसेंबर २०२२ पासून त्याला अमेरिकेत मान्यता आहे. सायनोव्हियलमध्ये अशा सलाइनचा उपयोग फारच कमी. (ही इम्युनोथेरपीची सलाइनं म्हणजे सेल थेरपी नव्हे, त्यात पेशी नसतात. नावं सारखी ऐकू येतात म्हणून गोंधळ होतो.)

निदान पक्कं असेल, तर चार बारीक गाठी ही मला हात टेकण्याची स्थिती वाटत नाही. जागा सोयीच्या असतील तर छातीचे सर्जन त्या काढू शकतात का, हा पहिला प्रश्न. दुसरा केमोचा. सायनोव्हियल सार्कोमा हा केमोला, विशेषतः आयफोस्फामाइडला, इतर बऱ्याच सार्कोमांपेक्षा जास्त दाद देणारा आजार आहे. केमोनं त्रास होतो, मी नाकारत नाही. उलट्या होतील, पांढऱ्या पेशी उतरतील, आयफोस्फामाइडमध्ये मूत्राशय जपायला मेस्ना आणि भरपूर सलाइन द्यावं लागतं. पण वय ३१, मूत्रपिंड आणि हृदय ठीक. हा त्रास निभावता येतो. त्यानंतर पाझोपॅनिबच्या गोळ्या हाही एक पर्याय राहतो. कोणता क्रम, किती डोस, हे प्रत्यक्ष तपासणाऱ्या टीमनं ठरवायचं. फाइल वाचून मी ते ठरवणार नाही.

पैशांचं सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे, आणि कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, लाइट यांचे बरेचसे खर्च त्यात बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन भेटा. बाग हा तुमच्या घराचा पगार आहे. भाऊ महिनोन् महिने ट्रीटमेंटवर असताना तीच तुम्हाला उभं ठेवणार आहे.

आता या आठवड्यातली कामं. ज्या लॅबमध्ये गाठ तपासली तिथून नुसत्या काचेच्या स्लाइड नाही, मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. ब्लॉक सही देऊन मिळतात. पुढची प्रत्येक तपासणी, मागे-ए४ सुद्धा, त्या मेणातल्या तुकड्यावरच होते. ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळतात. पिशवीत, सावलीत. छातीच्या सीटीची सीडी घ्या, नुसता छापील रिपोर्ट नको. जुन्या ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर आणि लाइट किती दिली त्याचा कागद घ्या. परळच्या टाटाला हाडं आणि मऊ पेशींच्या कॅन्सरची स्वतंत्र टीम आहे, तिथं सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस पाहतात. नाशिक रोडवरून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरली की दादरला उतरून जाता येतं. राहायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. केमो ठरली तर तीच केमो नाशकात देता येते, दर वेळी मुंबई करायची गरज नसते.

तिथं गेल्यावर एचएलए तपासणीचाही विषय काढा. सार्कोमासाठी पेशींची एखादी नोंदणीकृत चाचणी त्या वेळी रुग्ण घेत असेल, तर त्यांना सगळ्यात आधी माहीत असेल.

भावाला हे सगळं वाचून दाखवा, त्याच्यापासून लपवू नका. तुम्ही लिहिलंय की केंद्रात तो एक शब्द बोलला नाही, सगळं काकांनी ठरवलं. शरीर त्याचं आहे. त्याला विचारायचं असेल ते त्यानं एका कागदावर लिहून आणावं. सोमवार आणि गुरुवारी दुपारी तीननंतर मी ओपीडीत असतो. मुंबईला जाण्याआधी फाइल एकदा लावून द्यायला या, त्या कामाची फी घेत नाही.